डोकं पूर्वीसारखं होईल का?

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास दाराची बेल वाजली. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी, मला मुलीसारखी असलेली एक बाई दारात उभी. तिचे वडील आणि मी एकाच वर्षी या इमारतीत राहायला आलो, त्यामुळे ती मला काका म्हणते. तिच्या मुठीत बोटभर आकाराची प्लॅस्टिकची पुडी होती. मुलाचे कपडे धुवायला टाकताना जीन्सच्या खिशात सापडलेली. ‘काका, तुम्ही एवढी वर्षं औषधांचं शिकवलंत. हे काय आहे तेवढं सांगा. मीठ नाही, तुरटी नाही. मी जिभेला लावून पाहिलं.’ पुडीत पांढरट-पिवळसर खडे होते. मी तिला आधी चूळ भरायला लावली.

मुलगा तेवीस वर्षांचा, इंजिनीअर, चांगल्या कंपनीत नोकरीला. पुढे त्यानेच कबूल केले. ते ‘एमडी’ होते, म्हणजे मेफेड्रोन. आठ-नऊ महिन्यांपासून तो ते नाकाने ओढत होता. आधी शनिवारी रात्री, मग शुक्रवारी आणि शनिवारी, आणि शेवटी वार उरलाच नाही. तीन आठवड्यांनंतर तो एका मनोविकार विभागात दाखल झाला. त्या विभागाच्या बाहेरच्या बाकावर बसलेली असताना त्याच्या आईने मला विचारले, ‘काका, हे सुटेल असं डॉक्टर म्हणतात. पण याचं डोकं पूर्वीसारखं होईल का?’

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. ज्याने तीस वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात फार्माकॉलॉजी शिकवली त्याला याचे नीट उत्तर देता येऊ नये, याची मला लाज वाटली. लाज वाटण्याला आणखी एक कारण होते. ऐंशीच्या दशकात मी वर्गात ठासून सांगत असे, की अफू आणि दारू यांची शारीरिक सवय लागते, पण कोकेन, अॅम्फेटामाइन यांची सवय ‘फक्त मानसिक’ असते. उलट्या नाहीत, आकडी नाही, अंगाला थरथर नाही. म्हणजे इच्छाशक्ती असली की सुटले. पुस्तकांत तसे लिहिलेले होते आणि परीक्षेतही तसेच विचारले जाई. याच भरवशावर मी तेव्हा एका स्नेह्याला सांगितले होते, ‘मुलगा रात्री जागायला गोळ्या घेतो ना? सुटतील हो, त्यात शरीराला काही चटक नसते.’ मेंदू हाही शरीराचाच भाग आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आले नाही. ते स्नेही आज हयात नाहीत.

त्या आईला जे उत्तर द्यायला हवे होते, ते देण्याचा हा प्रयत्न आहे. थोडे लांबणार आहे, पण विषयच तसा आहे.

आपल्याकडे ‘गर्द’ हा शब्द ऐंशीच्या दशकात घरोघरी पोचला. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू झाले ते त्याच लाटेत. गर्द म्हणजे ब्राउन शुगर, अफूच्या कुळातली. माणसाला गुंगवणारी. आता आलेली लाट वेगळ्या कुळातली आहे. ती गुंगवत नाही, चेतवते. पूर्व आफ्रिकेत आणि येमेनमध्ये ‘खात’ नावाच्या झुडपाची पाने चघळण्याची जुनी चाल आहे. त्या पानांतल्या कॅथिनोन या द्रव्याचा मेफेड्रोन हा प्रयोगशाळेत बनवलेला भाऊबंद. ते प्रथम बनवले गेले १९२९ साली आणि नंतर विसरले गेले. या शतकाच्या सुरुवातीला कुणीतरी ते पुन्हा उकरून काढले आणि युरोपात ते ‘झाडांचे खत’ म्हणून खुलेआम विकले जाऊ लागले. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्याकडे ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आले फेब्रुवारी २०१५ मध्ये. तोवर मुंबईत ‘म्याऊ म्याऊ’ म्हणून त्याचे बारसे होऊन गेले होते.

त्याला खसखशीचे शेत लागत नाही, सीमेपलीकडून आणावे लागत नाही. रसायने, एक बऱ्यापैकी शिकलेला रसायनतज्ज्ञ आणि बंद पडलेला कारखाना एवढ्यावर काम भागते. महाराष्ट्रात या तिन्ही गोष्टींना तोटा नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावातला कारखाना उघडकीला आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी सुरू केलेला तपास दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतून सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत आणि थेट दिल्लीपर्यंत पोचला. जप्त झालेला माल दीड हजार किलोंच्या वर होता. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीत अॅम्फेटामाइन वर्गातले पदार्थ घेणाऱ्यांचे प्रमाण १० ते ७५ वयोगटात ०.१८ टक्के आणि कोकेन घेणाऱ्यांचे ०.१० टक्के निघाले होते. दारूचे १४.६ टक्के. हे आकडे दाखवून ‘आपल्याकडे हा प्रश्न नाही’ असे म्हणणारे लोक मला भेटतात. दीड टन माल कुणी कपाटात ठेवायला बनवत नाही, एवढेच मी त्यांना म्हणतो.

आता मेंदूकडे वळू. मेंदूच्या तळाशी, कानांच्या साधारण रेषेत, मध्यमेंदू नावाचा अंगठ्याएवढा भाग आहे. तिथे काही लाख पेशी डोपामाइन नावाचे रसायन तयार करतात. सबंध मेंदूतल्या पेशींची संख्या हजारो कोटींत मोजावी लागते, त्या मानाने हे काही लाख म्हणजे मोठ्या शहरातली एक छोटी आळी. पण या आळीतून निघणारे तंतू दूरवर पसरलेले असतात आणि एकेका पेशीचे इतर पेशींशी लाखो जोड असतात. एका पेशीच्या टोकातून डोपामाइन बाहेर पडते, मधली सूक्ष्म फट ओलांडून पलीकडच्या पेशीवरच्या ‘ग्राहकां’वर जाऊन बसते आणि निरोप पोचतो. निरोप पोचला की ते डोपामाइन तिथेच पडून राहता कामा नये. पहिल्या पेशीच्या कडेला बारीक पंप असतात, ते त्याला पुन्हा आत ओढून घेतात.

मी वर्गात फळ्याचे उदाहरण देत असे. डोपामाइन म्हणजे खडूने लिहिलेली अक्षरे. पंप म्हणजे डस्टर. अक्षरे पुसली गेली तरच पुढचा धडा लिहिता येतो. कोकेन काय करते, तर डस्टर धरून ठेवते. फळ्यावर लिहिलेले पुसलेच जात नाही, त्यावर आणखी लिहिले जाते. अॅम्फेटामाइन आणि मेफेड्रोन यांची तऱ्हा याहून उरफाटी. ती त्या पंपातूनच पेशीच्या आत शिरतात, आत पिशव्यांमध्ये जपून ठेवलेले डोपामाइन बाहेर काढतात आणि पंपाला उलटा फिरवतात. डस्टरच लिहायला लागतो म्हणा ना. उंदरांच्या मेंदूत मोजमाप केले, तर चविष्ट खाण्याने डोपामाइन साधारण दीडपट होते. अॅम्फेटामाइनने ते दहापटीच्या आसपास जाते. कोणत्याही श्रीखंडाला, कोणत्याही प्रमोशनला, कोणत्याही प्रेमाला मेंदूत असा आकडा गाठता येत नाही.

या रसायनाचा शोध लागला त्यात आपल्याकडच्या एका मुळीचा हात आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. सर्पगंधा. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेने वाढलेला रक्तदाब उतरतो हे दाखवले आणि जगाचे तिच्याकडे लक्ष गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. पुढे स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी ते सशांना टोचले. ससे जागे होते, पण हलेनात. कान पाडून दगडासारखे बसून राहिले. मग त्यांना एल-डोपा टोचले, ज्यापासून मेंदू डोपामाइन बनवतो ते द्रव्य. ससे उठून पळायला लागले. १९५७-५८ सालच्या या कामाबद्दल कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या सशांकडे पाहून आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर कळते. डोपामाइन संपले की प्राणी मरत नाही, त्याला वेदनाही होत नाही. त्याला उठावेसेच वाटत नाही.

नशा उतरल्यावरच्या पहिल्या आठवड्यांत त्या मुलाला मी पाहिले तेव्हा मला ते ससे आठवले. तो दिवसदिवस झोपत असे. जागा असला की भिंतीकडे पाही. आईने आणलेला डबा समोर असे आणि तो चमचा हातात धरून नुसता बसलेला असे. नर्स म्हणाली, ‘आळशी आहे.’ आळस नव्हता तो.

बरीच वर्षे समजूत अशी होती, की डोपामाइन म्हणजे सुखाचे रसायन. याला कारण १९५४ सालचा एक प्रयोग. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या आणि दांडी दाबली की विजेचा सौम्य झटका मिळेल अशी सोय केली. तार योग्य जागी असली तर उंदीर तासाला शेकडो, कधी हजारो वेळा ती दांडी दाबत राहत. झाले, ‘सुखाचे केंद्र’ सापडले असा गाजावाजा झाला. पण मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांना पुढे वेगळेच दिसले. ज्या उंदरांचे डोपामाइन जवळजवळ नष्ट केले होते, त्यांच्या जिभेवर साखरेचे पाणी घातले की तेही मिटक्या मारत. गोडी त्यांना कळत होती. पण दोन पावलांवर ठेवलेल्या खाण्यापर्यंत ते उठून जात नसत. त्यावरून बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी १९९३ साली मांडणी केली, की आवडणे वेगळे आणि हवे वाटणे वेगळे. डोपामाइनचा संबंध दुसऱ्याशी आहे. व्यसनात आवड कमी कमी होत जाते आणि ओढ वाढत जाते. ज्यांनी घरात दारूडा पाहिला आहे त्यांना हे शास्त्रज्ञांनी सांगायची गरज नाही. शेवटच्या काळात त्याच्या तोंडावर पिताना आनंद दिसत नाही.

मग ही ओढ कशी शिकली जाते? स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांच्या त्या पेशींवर नजर ठेवली. आधी दिवा लागे, मग माकडाला फळाच्या रसाचा थेंब मिळे. सुरुवातीला रस मिळाला की पेशी तडतडत. माकड शिकले, तशा त्या दिवा लागताच तडतडू लागल्या आणि रस मिळाल्यावर गप्प राहू लागल्या. दिवा लागूनही रस दिला नाही, तर ठरलेल्या क्षणी त्या नेहमीपेक्षाही मंदावत. १९९७ साली या प्रयोगांचा अर्थ मांडला गेला, की या पेशी बक्षीस मोजत नाहीत, अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा कमी मिळाले ते मोजतात. दिवाळीच्या बोनससारखे आहे. पहिल्या वर्षी पेढे वाटतो. चौथ्या वर्षी तो हक्क असतो. एखाद्या वर्षी निम्मा मिळाला तर फाटकासमोर घोषणा.

नेहमीच्या आयुष्यात या हिशेबाला तळ लागतो. वडापाव अपेक्षेइतकाच चांगला निघाला की पेशी गप्प बसतात, शिकणे थांबते. कोकेन किंवा एमडी मात्र अपेक्षेला जुमानत नाही. ते रसायन थेट पंपावर काम करत असल्यामुळे प्रत्येक वेळी मेंदूला निरोप मिळतो, ‘अपेक्षेपेक्षा जास्त!’ शंभराव्या वेळीही तोच. आणि त्या वेळी आजूबाजूला जे काही असेल ते सगळे या शिकण्यात बांधले जाते. मित्राचा फोन, एटीएमचा आवाज, गुंडाळलेली नोट, विशिष्ट पूल. तो दिवा होऊन बसतो. अमेरिकेत कोकेनचे व्यसन असलेल्यांना कोकेन ओढतानाची नुसती चित्रफीत दाखवली तेव्हा त्यांच्या मेंदूत डोपामाइन वाढल्याचे २००६ साली दिसून आले. पुडी नाही, पावडर नाही, फक्त पडद्यावरचे दृश्य. उंदरांवरच्या २००१ सालच्या एका अभ्यासाने तर घरच्यांची झोप उडावी. कोकेन बंद केल्यावर त्याच्या खुणांना उंदीर देत असलेला प्रतिसाद पहिले दोन महिने कमी न होता वाढत गेला. महिनाभर दाखल राहून मुलगा घरी येतो, सगळे म्हणतात आता सुटला, सत्यनारायण घालतात, आणि नेमकी तीच वेळ ओढ चढणीवर असण्याची असते.

आता मेंदूच्या उत्तराकडे. फळ्यावर सतत अक्षरांचा खच पडू लागला तर पलीकडची पेशी काय करणार? वाचणे कमी करते. डोपामाइनचे ग्राहक कमी होतात. मेक्सिकोत जन्मलेल्या आणि पुढे २००३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेच्या प्रमुख झालेल्या डॉ. नोरा वोल्कोव यांनी नव्वदच्या दशकात जिवंत माणसाच्या मेंदूच्या प्रतिमा घेऊन हे दाखवले. (त्या ट्रॉट्स्कींच्या पणती. क्रांतिकारकाच्या घरातून मेंदूच्या क्रांतीपर्यंत!) कोकेन घेणाऱ्यांमध्ये एका जातीचे ग्राहक कमी आढळले आणि कोकेन थांबवून तीन-चार महिने झाले तरी ते कमीच होते. कपाळामागचा जो भाग आपल्याला ‘थांब’ म्हणतो, त्याचे कामही त्याच प्रमाणात मंदावलेले होते. १९९७ साली त्यांनी कोकेन सोडलेल्यांना डोपामाइन वाढवणारे औषध टोचून पाहिले. इतरांच्या तुलनेत त्यांच्या मेंदूत निम्म्याहूनही कमी डोपामाइन वाढले. नशा त्यांना कमी जाणवली, ओढ मात्र उसळली. माझ्या मते या विषयावरचा हा सगळ्यात दुःखी प्रयोग आहे.

इथे एक शंका रास्त आहे. ग्राहक कमी झाले ते व्यसनामुळे, की मुळातच कमी होते म्हणून व्यसन लागले? माणसावर हे तपासता येत नाही, कारण तो आपल्याकडे व्यसन लागल्यावरच येतो. अमेरिकेत मायकेल नेडर यांच्या गटाने माकडांवर ते तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की दोन्ही खरे. ज्यांचे ग्राहक आधीच कमी होते ती माकडे कोकेन जास्त घेत. आणि कोकेन सुरू झाल्यावर आठवड्याभरात सगळ्यांचेच ग्राहक १५ ते २० टक्क्यांनी घटले. आठवडाभरच घेतलेली माकडे तीन आठवड्यांत पूर्ववत झाली. वर्षभर घेतलेल्या पाच माकडांपैकी तीन, तीन महिन्यांत पूर्ववत झाली. उरलेली दोन वर्ष उलटले तरी झाली नाहीत. तेच कोकेन, तोच पिंजरा, तेवढाच काळ. पाचांत दोन. त्या आईने विचारलेल्या प्रश्नाला इतके स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे मिळालेले नाही, आणि ते मी तिला त्या बाकावर सांगू शकलो नसतो हेही खरे.

याच गटाचे २००२ सालचे एक काम याहून विचारात पाडणारे आहे. माकडांना आधी एकेकटे ठेवले, नंतर चार-चारांच्या टोळीत. टोळीत जी वरचढ ठरली त्यांचे ग्राहक वाढले. जी दबली गेली त्यांचे वाढले नाहीत. नंतर कोकेन समोर ठेवले तेव्हा दबलेल्यांनी ते आपणहून घेतले, वरचढांवर त्याची तेवढी भुरळ पडली नाही. म्हणजे चार जणांत आपल्याला काय किंमत आहे, याची नोंदही तिथेच होते. सगळे माकडांवरून माणसाला लावू नये हे मी जाणतो. पण घरी आलेल्या मुलाला नातेवाइकांसमोर ‘हा आमचा गर्दुल्ला’ म्हणून उभा करणाऱ्या एका मामांना मी हा प्रयोग मुद्दाम सांगितला.

मेथाम्फेटामाइनची हानी आणखी खोल जाते. तिथे पंपच नाहीसे होतात, तंतूंची टोके झडतात. हे द्रव्य १८९३ साली जपानमध्ये बनले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन आणि जपानी सैनिकांना त्याच्या गोळ्या दिल्या गेल्या. युद्धानंतर जपानमध्ये उरलेला साठा बाजारात आला आणि १९५१ साली कायदा करावा लागला. १९५४ या एका वर्षात पन्नास हजारांवर लोक पकडले गेले. वोल्कोव यांनी २००१ साली मेथ सोडलेल्या पाच जणांचे मेंदू पुन्हा तपासले. बारा ते सतरा महिन्यांनी पंप लक्षणीय प्रमाणात परत आले होते. पण स्मरण आणि हालचालींच्या चाचण्यांत त्या मानाने सुधारणा दिसली नाही. भिंती परत उभ्या राहिल्या, संसार अजून लागायचा होता.

मेफेड्रोनचे काय? नुसत्या मेफेड्रोनने उंदरांच्या डोपामाइन तंतूंची टोके मेथसारखी झडत नाहीत, पण मेथबरोबर दिले तर मेथची हानी वाढते, असे अमेरिकेतल्या प्रयोगांत दिसले आहे. पुडीत नेमके काय भरले आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. आणि या क्षेत्रात शास्त्रज्ञही घसरतात. २००२ साली एका नामवंत गटाने एक्स्टसीच्या दोन-तीन मात्रांनी माकडांच्या डोपामाइन पेशींची हानी होते असे ‘सायन्स’मध्ये छापले. वर्षभराने निबंध मागे घ्यावा लागला. बाटल्यांवरची लेबले चुकली होती, माकडांना एक्स्टसी नव्हे तर मेथ टोचले गेले होते. तेव्हा दर महिन्याला येणाऱ्या ‘नवीन संशोधनानुसार’ या मथळ्याकडे जरा थांबून पाहावे. मोबाइल म्हणजे कोकेनच, एक दिवस उपवास केला की डोपामाइन ‘शुद्ध’ होते, असले संदेश मला रोज सकाळी येतात. मोबाइल मुलांच्या हातून काढा, जरूर काढा. पण त्यासाठी दहापटीच्या आकड्याचा आधार घेऊ नका.

उलट एक भीती अनाठायी आहे. अतिचंचलतेसाठी मुलांना डॉक्टर मिथाइलफेनिडेट देतात. तेही हाच पंप अडवते, अगदी निम्म्याहून जास्त. पण तोंडाने घेतलेले ते तासाभराने, सावकाश मेंदूत चढते. नाकाने ओढलेली पूड काही मिनिटांत पोचते आणि धूर तर सेकंदांत. चटक लागते ती या वेगाची. डॉक्टरांच्या देखरेखीखालचे औषध असला लेख वाचून बंद करू नये.

‘मग डोपामाइनचीच गोळी का नाही देत?’ तिने विचारले होते. प्रश्न बाळबोध नाही. पार्किन्सनच्या रुग्णांना डोपामाइनसारखे काम करणारी औषधे दिली जातात, आणि त्यातल्या काहींना जुगाराचा, खरेदीचा नाद लागल्याचे आढळले आहे. आयुष्यभर पत्त्याला हात न लावलेली माणसे! सबंध फळ्यावर एकसारखा रंग फासून अक्षरे उमटत नाहीत. उत्तेजकांच्या व्यसनावर खास मान्यता मिळालेले औषध आजही नाही. सगळ्यात जास्त पुरावा आहे तो एका साध्या उपायाला. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये स्टीफन हिगिन्स यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोकेनच्या रुग्णांना, लघवीची चाचणी स्वच्छ आली की कूपन द्यायला सुरुवात केली. सलग स्वच्छ आली की कूपनची किंमत वाढे, घसरला की पुन्हा पहिल्यापासून. ‘व्यसन न करण्याचे पैसे?’ म्हणून लोक संतापतात. मीही आधी नाक मुरडले होते. पण शुल्त्स यांची माकडे आठवा. अपेक्षेपेक्षा थोडे जास्त, लगेच आणि पुन्हा पुन्हा. त्या हिशेबालाच हाताशी धरलेले आहे.

आपल्याकडच्या पालकांना आणखी एक गोष्ट माहीत नसते. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४-अ कलमानुसार, सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणात जवळ बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. पोलिसांच्या भीतीने महिनोन्महिने घरात लपवून ठेवलेली मुले मी पाहिली आहेत. ते महिने म्हणजे त्या माकडांच्या हिशेबात तीन आठवडे आणि वर्षभर यांच्यातले अंतर.

त्या मुलाला आता पंधरा महिने झाले. मध्ये एकदा घसरला, चौथ्या महिन्यात, एका मित्राच्या लग्नात. आईने तेव्हाही दार वाजवले, पण पुडी हातात नव्हती. तो स्वतः बरोबर आला होता. आठव्या महिन्यापर्यंत त्याला वाचलेले पान दोनदा वाचावे लागे. आता एकदा पुरते असे तो म्हणतो. कोड लिहायला मात्र पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. नोकरी नवीन आहे, पगार पूर्वीपेक्षा कमी. गेल्या महिन्यात मी त्याच्या आईला त्या पाच माकडांचे सांगितले. ती ऐकून घेऊन म्हणाली, ‘तीन आणि दोन. म्हणजे निम्म्याहून जास्त की हो, काका.’

तो नदीवरच्या एका पुलावरून अजून जात नाही. तिथे पुडी मिळत असे. दुसऱ्या पुलावरून गेले की ऑफिसला वीस मिनिटे जास्त लागतात, म्हणून तो रोज सकाळी वीस मिनिटे आधी निघतो. माझा चहा होत असताना जिन्यातून त्याच्या चपलांचा आवाज येतो.